पाहुण्यांसाठी केलेली सफाई

मित्रांनो, मी एक जुना विळा आहे. आमच्या कोंढा गावाकडे मला इळा म्हणतात. आज मला माझ्याच धारेचा राग आला आहे.

लोहाराने मला मोटारीच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यातून घडवले. माझा मालक जागेश्वर, त्याच्या हातात मी वीस हंगाम धान कापले. मग शिवारात कापणीचे यंत्र आले आणि मी गोठ्याच्या कुडात खोचला गेलो. तिथे मला गंज चढला, पण कुणी ढुंकून पाहिले नाही.

मला बाहेर काढले जागेश्वरच्या बायकोने, निर्मलाबाईने. गावतलावाचा काठ बेशरमाच्या झुडपांनी गिळला होता. तिने चार बाया गोळा केल्या. बायांनी कुदळीने मुळे खणली, पुन्हा पुन्हा येणारे फुटवे मी कापले. मग तिने बांधाबांधावरून तेरड्याचे, कुर्डूचे बी आणून तिथे टाकले. पहिल्या वर्षी काहीच उगवले नाही. लोक हसले. तिसऱ्या वर्षी, म्हणजे यंदा, अख्खा काठ गुलाबी झाला, फुलपाखरे आली. त्यात माझाही घाम होता, असे मी मानतो. लोखंडाला घाम येत नाही, हे मला ठाऊक आहे.

पवनीच्या शाळेतली मुले फुले पाहायला येणार होती. निर्मलाबाई त्यांना आणायला सकाळीच फाट्यावर गेली. इकडे जागेश्वरला बायकोचा भारी अभिमान. पाहुणे यायचे आणि काठावर गुडघाभर गवत? धान पिकवणाऱ्याच्या नजरेला तेरडा, कुर्डू म्हणजेही तणच. त्याने मला दगडावर घासले आणि गवत, तेरडा, कुर्डू, सगळे सपासप कापून ढीग लावला. वर मला थोपटून म्हणाला, अजून धार आहे गड्या. मला तेव्हा बोथट व्हावेसे वाटले. पण मूठ ज्याच्या हातात, त्याचेच मला ऐकावे लागते.

मुले आली. एका मुलीने विचारले, फुले कुठे आहेत? निर्मलाबाईने ढिगाकडे बोट दाखवले. बी तरी मिळेल म्हणून मुलांनी कुर्डूचे तुरे हातावर झटकून पाहिले. एकही दाणा पडला नाही.

"पावने येतात तं आंगण साफ नाई करत का आपन?" जागेश्वर चाचरत म्हणाला.

"बी कच्चं होतं. पंधरा दिवसांत खाली पडलं असतं," निर्मलाबाई म्हणाली. "पुढच्या सालचे फुलं गेले. मले एक डाव तं इचारायचं होतं."

जागेश्वरने ढिगातला एक तुरा उचलला. त्याच्या मुठीत मीही होतो.

मित्रांनो, मी चिडलो आहे, आणि कुणावर चिडावे तेही कळत नाही, कारण त्याने सारे मायेनेच केले होते. म्हणून एवढेच मागतो. कुणी राबून उभे केलेले काही नीटनेटके करायला जाल, तेव्हा आधी त्या माणसाला विचारा. मला विचारता येत नाही. तुम्हाला येते.