तीनपासून सुरू होणारी मोजपट्टी

मित्रांनो, दुसरीच्या वर्गात खिडकीखाली एक निळी पत्र्याची पेटी आहे, चारही कोपरे चेपलेली, कडी दोनदा बदललेली. तीच मी. माझ्यावर बसू नका असं तुम्हांला रोज सांगतात आणि तुम्ही रोज बसता, म्हणजे आपली ओळख तशी जुनीच. माझी हकिगत मात्र तुम्हांला ठाऊक नसणार.

मला ज्या कारागिराने घडवलं, त्याला वाटलं होतं माझ्यात कपडे राहतील. पण नुकत्याच नोकरीला लागलेल्या एका शिक्षिकेने मला पसंत केलं. "काय ठेवणार हिच्यात?" त्याने विचारलं. "अजून काहीच नाही. सापडेल तसं ठेवीन," बाई म्हणाल्या. कारागिराने माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं.

बाईंना सापडत मात्र भरपूर गेलं. बाटल्यांची बुचं, आइस्क्रीमच्या काड्या, रिकाम्या काडेपेट्या, सुतळी, जुन्या कॅलेंडरांवरचे कापून ठेवलेले आकडे. घरात काही फेकायची सोय उरली नाही. बाईंचे यजमान म्हणायचे, "मी जरा रिकामा बसलो की भीती वाटते, मलाही उचलून पेटीत टाकेल." बटणांसाठी बाईंनी घरातले जुने कपडे तपासले, मग शेजारच्यांचे, आणि एकदा घाईत जुने आणि चालू यांतला फरक विसरल्या. त्या दिवशी त्यांची लेक फ्रॉकला पिन लावून शाळेत गेली.

बाईंची शिकवण्याची रीत साधी होती. सुतळीचं मोठं कडं चार मुलांना धरायला सांगायच्या, की झाला चौकोन. एकाने हात सोडला की त्रिकोण. दुसऱ्यानेही सोडला की काय होतं, ते मुलं स्वतःच करून पाहायची आणि हसायची. बटणांचा ढीग एका गटाला वेगवेगळा करायला द्यायच्या आणि कशावरून वेगळा केला ते दुसऱ्या गटाला ओळखायला लावायच्या. रंगावरून? भोकांवरून? सगळ्यांची नावं काड्यांवर लिहून डब्यात ठेवलेली असत. काडी निघेल त्याने उत्तर द्यायचं. पण निघालेली काडी पुन्हा डब्यात जाई, त्यामुळे एकदा बोलून मोकळा झालो असं कुणालाच म्हणता येत नसे. एकदा तपासणीला आलेले साहेब बटणं ओळखायला म्हणून खाली बसले, ते चहा निवला तरी उठले नाहीत.

मग बाई निवृत्त झाल्या आणि मला घरी घेऊन आल्या. सात वर्षं मी पलंगाशेजारी होते. माझ्यावर इस्त्रीच्या कपड्यांची थप्पी असायची. बाई अधूनमधून झाकण उघडायच्या, आत हात फिरवायच्या आणि पुन्हा लावायच्या. एका दुपारी घरात बरीच माणसं आली. कुणीतरी कपडे उचलले, मला भिंतीकडे ओढलं आणि एक आजोबा माझ्यावर बसले. त्यांना कुणीच उठवलं नाही. तेव्हा मला कळलं की बाई गेल्या.

बाईंची लेक ग्रंथालयात फाटकी पुस्तकं दुरुस्त करते. आई गेल्यावर पंधरा दिवसांनी तिने मला उघडलं. पेटी आईच्या शाळेला द्यायची, हे तिने मनाशी ठरवूनच टाकलं होतं. पण आत पाहिलं तर काय? शिंप्याकडे असते तशी कापडी मोजपट्टी, पण सुरुवातीचा तुकडाच नाही, सुरू होते ती तीनपासून. पिशवीवर 'पन्नास बुचं' लिहिलेलं, आत एकोणपन्नास. पुठ्ठ्याच्या घड्याळाला फक्त तास काटा. आणि आईच्या अक्षरातल्या गोष्टींच्या अकरा छोट्या वह्या, एकीलाही शेवटचं पान नाही.

"असं मोडकंतोडकं द्यायचं नाही," ती वडिलांना म्हणाली. "आईचं नाव आहे त्यावर."

"मला नाही वाटत तिने कधी—" वडील बोलायला लागले, पण लेक डिंकाची बाटली शोधायला आत गेली होती.

तिने नवी मोजपट्टी आणली. पन्नासावं बूच मिळवलं. घड्याळाला मिनिट काटा बसवला. आणि मग अकरा गोष्टींचे शेवट लिहायला घेतले. पुष्कळ वाचलेली मुलगी, तिला शेवट सुचायला कठीण नव्हतं. आईच्या वळणाचं अक्षर काढून, एकेक पान नीट चिकटवून, तिने आठ दिवसांत काम पुरं केलं. त्या शेवटांत हरवलेली शेळी घरी आली, रुसलेला मुलगा घरी आला, दूर कामाला गेलेली आत्या घरी आली. एकालाही तिने वाटेत सोडलं नाही.

हे सगळं चुकतंय हे मला दिसत होतं. पण पेटीला तोंड असलं तरी जीभ नसते.

शाळेत दुसरीला नव्या बाई आल्या होत्या. त्यांनी मला आनंदाने ठेवून घेतलं आणि लेकीला म्हणाल्या, "ताई, साहित्य वापरायला काढू तेव्हा तुम्ही पण या."

लेक आली आणि शेवटच्या बाकावर बसली. नव्या बाईंनी पिशवी दाखवून विचारलं, "किती बुचं?" मुलं पिशवीवरचं वाचून ओरडली, "पन्नास!" एकानेही पिशवी उघडली नाही. मोजपट्टी टेबलाला लावली, शेवटचा आकडा वाचला, झालं. गोष्ट वाचली. शेळी घरी आली. "बरं झालं," एक मुलगा म्हणाला आणि दप्तर आवरायला लागला. सगळं बरोबर आलं, आणि तास संपायला अजून वीस मिनिटं होती.

दारात मुख्याध्यापक उभे होते. "किती सुबक साहित्य! हे मुलांच्या हातात देऊन खराब कशाला करायचं? ऑफिसातल्या काचेच्या कपाटात ठेवू. बाईंच्या नावाची पाटी लावू." लेकीचा चेहरा उजळला. मला मात्र धडकी भरली. कपाटात गेलेली वस्तू पुन्हा वर्गात आलेली मी कधी पाहिली नव्हती.

तेवढ्यात शाळेच्या मावशी हजेरीपट न्यायला आल्या. बाईंच्या वेळेपासूनच्या त्या. त्यांनी टेबलावरची मोजपट्टी उचलली. "ही कुठली? आमच्या बाईंची कुठं गेली?"

"ही नवी आहे मावशी," लेक म्हणाली. "जुनीची सुरुवात फाटली होती."

"फाटली होती? अगं, कापली होती! कात्री माझ्याकडूनच नेली. मी म्हटलं, बाई, कोरी करकरीत पट्टी आहे, डोकं ठिकाणावर आहे ना? तर म्हणतात कशा, शून्यापासून सुरू झाली की पोरं शेवटचा आकडा वाचून मोकळी. तीनपासून सुरू झाली की डोकं चालवावं लागतं."

"आणि पिशवीत एक बूच कमी होतं, ते?" लेकीने विचारलं.

"कधी एक कमी, कधी दोन जास्त. दर शनिवारी बदलायच्या. सोमवारी पोरं मोजायची आणि चोर कोण म्हणून माझ्याकडे बघायची!"

नव्या बाई हसल्या. लेक हसली नाही. "घड्याळाला एकच काटा..." ती स्वतःशीच म्हणाली. "आधी तोच वाचायला शिकवायची ती. मलाही तसंच शिकवलं होतं." मग तिने हळूच विचारलं, "आणि गोष्टींची शेवटची पानं?"

"ती कुठं होती? लिहिलीच नाहीत कधी. पोरांनी सांगायची असायची ना."

लेकीने मांडीवरची वही उलटली. पान फाटलं असतं तर शिवणीपाशी त्याची कड उरली असती. अशी कड अकरापैकी एकाही वहीत नव्हती. पुस्तकं दुरुस्त करणाऱ्या माणसाला हे पहिल्या नजरेत दिसायला हवं होतं. पण त्या दिवसांत तिला जे ते फाटलेलंच दिसत होतं.

तिने मावशींकडे कात्री मागितली आणि नवी कोरी मोजपट्टी तीनवर कापली. मिनिट काटा काढला. नव्या बाईंनी एक बूच पर्समध्ये टाकलं. मग लेकीने ओल्या फडक्याने डिंक सैल करत पानं सोडवायला घेतली. दहा निघाली. अकराव्या वहीवर तिचा हात थांबला.

"एक राहू द्या ताई," नव्या बाई म्हणाल्या. "चांगलं लिहिलंय तुम्ही."

"म्हणूनच नको," लेक म्हणाली आणि ते पानही सोडवलं.

"मग कपाटाचं काय करायचं?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"नको सर. काचेतून मुलांना काय हाताळता येणार?"

तीच अकरावी गोष्ट तिने वाचायला घेतली. एका टपालवाल्याच्या झोळीत एक पत्र उरतं. पत्ता अर्धा पुसलेला. फिरत फिरत तो गावाबाहेरच्या शेवटच्या घराशी येतो आणि दार वाजवतो. इथे ती थांबली.

"मग?" मुलं म्हणाली.

"पुढे लिहिलेलं नाही."

"पण तुम्हांला माहीत आहे ना?"

"नाही," लेक म्हणाली. हे म्हणायला तिला जरा वेळ लागला.

मग वर्गात जी झुंबड उडाली! पत्र टपालवाल्याचंच होतं. दार कुत्र्याने उघडलं. पत्ता चुकीचाच होता, त्याला मार बसला. सगळ्यांत शेवटी दोन वेण्यांची एक मुलगी उभी राहिली. "घरात कुणी नव्हतं. मग टपालवाल्याने ते पत्र फोडलं आणि दारात उभं राहून मोठ्याने वाचलं. घराला तरी कळावं म्हणून."

लेक वही मिटून तिच्या बाकाशी आली. मग म्हणाली, "काय होतं पत्रात?"

मुलीने विचार केला. "ते मी उद्या सांगते."

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात रजा टाकून लेक आली आणि पहिल्या बाकावर, मुलांच्या अंगाला अंग लावून बसली.

मित्रांनो, मला जपायचं असेल तर एवढंच करा. मला उघडा, उपसा, झिजवा, आणि काही हरवलं तर त्याच्या जागी सापडेल ते आणून टाका. झाकण लावताना बोटं तेवढी सांभाळा, माझी कडी चिमटे काढते. काचेच्या कपाटाने आजवर कुणाचं बोट चेंगरलेलं नाही, पण कुणाला काही शिकवलेलंही नाही.