बोगद्यात बसलेली शेळी

मित्रांनो, मी हेटी, एक म्हातारी शेळी आहे आणि मला स्पिलमन साहेबांची तक्रार करायची आहे. ओहायोतल्या आमच्या कॉलेजात खेळखात्याचा हा प्रमुख. टाय लावतो, गोड हसतो; पण ज्या पोरांच्या खांद्यावर बसून मिरवतो, त्यातल्या एकाचा गुडघा मोडला की लगेच ओळख विसरतो. मी शिकलेली नाही. बारा वर्षं कॉलेजात काढली, वर्गात एकदाच गेले, तेही भिंतीवरचा नकाशा खायला. पण माणूस मला वासावरून कळतो.

मी मक्याच्या शेतावर जन्मले. वर्षाची होते तेव्हा कॉलेजने मला फुटबॉल संघाचं शुभचिन्ह म्हणून आणलं. हातात चेंडू धरून एकमेकांवर आपटायचं, तो इथला फुटबॉल. मला निळी झूल, शिंगांना सोनेरी रंग, हिवाळ्यात ऊबदार गोठा, दर महिन्याला डॉक्टर! शनिवारी सामन्याआधी बोगद्यातून मैदानात पहिली मी, माझ्यामागे संघ. हेटी पुढे नसली तर हार ठरलेली, अशी इथली श्रद्धा. माझ्या तोंडाचं चित्र असलेल्या टोप्या विकल्या गेल्या. जाणारच, देखणी आहेच मी.

आणि आपटणाऱ्या पोरांना काय? फीमाफी. सही केलेल्या टोपीच्या बदल्यात कुणी सँडविच दिलं तरी चौकशी. ती फीमाफी म्हणजे आमचं शेपूटच, ना माशा वारत, ना अब्रू झाकत.

मग नियम बदलले, पोरांना स्वतःचं नाव नि चेहरा विकून पैसे मिळू लागले. चेंडू फेकणारा ब्रेकन नव्या गाडीतून फिरू लागला. फिरू दे, माझं पोट दुखत नाही. पण त्याच्यावर धावून येणारे समोरच्या संघाचे रेडे जो छातीवर घ्यायचा, त्या ऑरिनच्या तोंडाची टोपी कोण घेणार? धिप्पाड, लाजरा पोर. रोज सकाळी मला सफरचंद द्यायचा आणि म्हणायचा, "आजी, तुझा विमा आहे, माझा नाही. लग्न करतेस का माझ्याशी?"

मी विचार करते असं तोंड करायची.

ऑक्टोबरात ऑरिनचा गुडघा गेला. पाठोपाठ साहेबांचं पत्र आलं. पुढच्या वर्षी फीमाफी बंद, उपचार ज्याचे त्याने बघावेत. कुबड्या घेऊन तो माझ्या गोठ्यात आला, पत्र मोठ्याने वाचू लागला आणि अर्ध्यावरच त्याने ते माझ्यापुढे धरलं. मी ते पत्र खाल्लं. कागद उंची होता, चव मात्र साहेबांसारखी.

ऑरिन रडता रडता हसला. "त्यांच्याकडे दुसरी प्रत आहे गं, आजी."

असं आहे होय? मग शनिवारी मी बोगद्यात बसले. दोरी ओढली, गाजरं दाखवली, मी ढिम्म. बाहेर बँड तेच गाणं तिसऱ्यांदा वाजवत होता.

"हेटी आजी, ऊठ ना! टीव्हीवर आहोत आपण," ब्रेकन म्हणाला. मग मी बघत होते तिकडे त्यानेही बघितलं. भिंतीला टेकून ऑरिन उभा होता, कुबड्यांवर. ब्रेकनने शिरस्त्राण काढलं आणि माझ्याशेजारी फतकल मारली. एकेक करून सगळा संघ बसला.

साहेब धावत आले, टाय खांद्यावर. "अरे, शेळीचं काय ऐकताय?"

"दर शनिवारी तिच्याच मागे जातो, साहेब. तुम्हीच शिकवलंत," ब्रेकन म्हणाला. "ऑरिनचं काय ते आधी लिहा."

बाहेर सत्तर हजार माणसं पाय आपटत होती. साहेबांनी भिंतीला कागद लावून लिहिलं: ऑरिनच्या उपचारांचा आणि पदवीपर्यंतच्या शिक्षणाचा खर्च कॉलेज करेल, खेळताना यापुढे ज्याचं काही मोडेल, त्याचाही. ऑरिनने तो कागद डोक्यावर उंच धरला. "हा मात्र तुला मिळणार नाही, आजी!"

साहेब माझ्यापुढे वाकले, हातात ओटची बिस्किटं. "आता तरी ऊठ, बाई."

मी आधी बिस्किटं खाल्ली. मग उठले आणि त्यांच्या तोंडावर बोलले. त्यांना नुसतं 'बँ' ऐकू आलं असेल, पण मित्रांनो, तुम्ही नीट ऐका:

"स्पिलमन, शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड! ज्याच्या घामावर तुझी पंगत झडते, त्याला आधी वाढ, मग स्वतःच्या ताटावर बस. आणि आता वाटेतून हो बाजूला, माझी पोरं खोळंबलीत."