टेबलाखालचं कात्रण

आमच्या नव्या मॅडम माझ्या धाकट्या मुलीपेक्षा तीन वर्षांनी लहान. हे मला कुणी सांगितलं नाही, मीच चौकशा करून काढलं. ज्याच्या हाताखाली काम करायचं त्याचं वय तरी माणसाला ठाऊक असावं की नको?

मी कटिंग मास्तर. डॉक्टरांचे, नर्सबाईंचे पांढरे कोट आमच्याकडे शिवतात. वर बारा बायका मशिनीवर बसतात, खाली मी एकटा कापतो. कापड अंथरायचं, मापाचा पुठ्ठ्याचा फर्मा ठेवायचा, खडूनं रेघ मारायची आणि कातर चालवायची. एकतीस वर्षं हेच. या टेबलावरून मला उठवलं तर मी घरी बसून भिंतीकडे बघत राहणार, दुसरं मला काही येत नाही. म्हणून मॅडम सुपरवायझर होऊन आल्या त्या दिवसापासून मी डोळ्यांत तेल घालून होतो.

बोलायला भारी गोड! "मास्तर, अजून एक दिवा लावून देऊ का?" का बाई? एकतीस वर्षं एका दिव्यात कापलं, ते काय चाचपडत कापलं? शिवाय पाठीमागे येऊन उभ्या राहायच्या. बोलायचं काही नाही, नुसतं माझ्या हाताकडे बघायचं. अशी माणसं मला सरळ वाटत नाहीत.

संध्याकाळी कापलेल्या तुकड्यांची बंडलं मी चिंधीनं बांधून ठेवतो. दोन वेढे, गाठ, आणि टोक आत खुपसलेलं. एकदा सकाळी पाहतो तर टोक बाहेर लोंबतंय. म्हटलं, आपणच विसरलो असू. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी टेबलाखालच्या डब्यात हात घातला, तर ताजं पांढरं कात्रण, बोटभर रुंदीच्या पट्ट्या. आदल्या संध्याकाळी तो डबा मी स्वतः रिकामा केला होता! आणि सकाळी माझ्या आधी तासभर येणारं माणूस इथे एकच.

सगळा डाव कळला. माझे तुकडे गुपचूप आखूड करायचे, वरून तक्रार येऊ द्यायची, मग म्हातारा कामातून गेला म्हणून माझी उचलबांगडी करायची. घरी आल्या आल्या बायकोला सांगितलं.

"तुमचे तुकडे कापून तिला काय मिळणार?" ती म्हणाली. "आणि काल चहात साखर म्हणून मीठ कुणी घातलं?"

"दोन्ही डबे सारखे आहेत!"

"पंचवीस वर्षं सारखेच आहेत."

हिच्याशी बोलण्यात अर्थ नाही. दुसऱ्या दिवशी मी थेट मालकांकडे गेलो आणि मॅडम माझं काम बिघडवतात म्हणून सांगितलं. मालक खाली आले, मॅडमना बोलावलं.

"मास्तरांची बंडलं तुम्ही उघडता?"

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. "हो, सर."

"कशाला?"

त्या टेबलावरचा खडू उगाच सरळ करू लागल्या. पकडलेला चोर असाच चुळबुळतो. शेवटी म्हणाल्या, "चुकलं माझं."

"यापुढे मास्तरांच्या कामाला हात लावायचा नाही," मालकांनी बजावलं. मला आभाळ ठेंगणं झालं. त्या दिवशी मी घरी जाताना शीळ घालत गेलो.

चार दिवस माझ्या गाठी जशाच्या तशा. पाचव्या दिवशी शिवणकामाच्या मुख्य बाई तणतणत जिना उतरल्या, मागे मालक आणि मॅडम. बाईंनी टेबलावर बाह्यांचा ढीग आपटला. "एक बाही दुसरीला जुळेल तर शपथ! सत्तेचाळीस कोट अडकलेत. काय कापलंय हे, मास्तर?"

"मला काय विचारता? त्यांना विचारा!" मी मॅडमकडे बोट दाखवलं आणि तावातावानं एक बाही उचलून खिडकीशी नेली. अगदी नाकाशी धरली. खडूची रेघ होती, आणि कातर तिच्या बोटभर बाहेरून गेली होती. दुसरी बाही पाहिली. तीही तशीच. वाईट हेतूचा माणूस कापड कमी करील. रेघेच्या बाहेर वाढवणार कसं? बाही मी हळूच खाली ठेवली.

तिकडे मालक आपलाच हुकूम विसरून मॅडमवर उखडले होते. "तुम्हाला ठेवलंय कशासाठी? साधी बाही तपासता येत नाही?" मॅडम खाली मान घालून उभ्या. खरं सांगितलं असतं तर दोन वाक्यांत सुटल्या असत्या.

"मालक, त्यांना बोलू नका," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "मला रेघ दिसत नाही. सहा महिने झाले. अंदाजानं कापतोय." हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

मालकांनी टेबलावरची कातर उचलून बाजूला ठेवली. मग हळूच म्हणाले, "उद्यापासून कातर धरू नका, मास्तर," आणि बाईंना घेऊन वर गेले.

खाली आम्ही दोघंच उरलो. मॅडम ढिगातून बाह्यांच्या जोड्या लावू लागल्या. मी विचारलं, "रोज सकाळी येऊन हेच करत होता?"

"वाढीव असेल ते कापायचे. आखूड असेल तर नवीन कापायचे."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही चिडून मालकांकडे गेला असता. मग सगळंच बाहेर आलं असतं."

"मी तसाही गेलोच."

"हो," त्या म्हणाल्या, आणि पुढची बाही उचलली.