एकच ठोका

उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून रुचिता निघाली तेव्हा साडेचार वाजले होते आणि अंगात त्राण नव्हतं. डिस्पॅचच्या खिडकीत दिवसभर ट्रकवाल्यांशी घसा कोरडा करायचा, नाकातोंडात धूळ घ्यायची आणि घरी जाऊन आडवं व्हावं म्हटलं तर तेही नशिबात नाही. तात्यापाऱ्यातल्या घरी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, खेळायचं मॅलेट गुडघ्यांत धरून तयार बसलेले असणार. त्यांना स्कूटीवर मागे बसवून रेल्वे वसाहतीतल्या क्लबात न्यायचं, हिरवळीच्या कडेला तास-दीड तास बसायचं, परत आणायचं, मग कुकर लावायचा. आई गेली आणि बाबांचा उजवा हात थरथरू लागला, तेव्हापासून तीन वर्षं हेच चाललं होतं.

बाबा, म्हणजे धर्मपाल, रेल्वेत खलासी म्हणून लागले आणि क्लबाच्या हिरवळीची निगा राखता राखता क्रोके शिकले. साहेब लोक येत, शिकत, बदलून जात. नियम मात्र धर्मपालांपाशीच राहिले, म्हणून निवृत्तीनंतरही क्लबाला त्यांना नको म्हणता आलं नाही.

खेळ तसा साधा. जमिनीत रोवलेल्या सहा लोखंडी कमानी, चार रंगांचे चेंडू आणि मारायला लांब दांड्याचा लाकडी हातोडा, तेच मॅलेट. आळीपाळीनं एकेक ठोका मारायचा. ज्याचा चेंडू कमानीतून आधी पार होईल त्याचा गुण, मग सगळ्यांनी पुढच्या कमानीकडे वळायचं. सहा कमानींचे दोन फेरे, आणि बरोबरी झाली तर निकालाची आणखी एक कमान. कमान इतकी अरुंद, की चेंडू जेमतेम निघतो. आणि एका ठोक्यात मॅलेट चेंडूला एकदाच लागलं पाहिजे. दोनदा लागलं तर चूक, गुण गेला. गंमत अशी की त्या क्लबात पंच नव्हता. चूक मारणाऱ्यानंच सांगायची, आणि त्याच्या शब्दावर कुणी हुज्जत घालायची नाही. धर्मपाल तर दुसऱ्याच्या लक्षातही न आलेली आपली चूक हात वर करून सांगत, आणि वर मिशीत हसत. रुचिताला त्या हसण्याचा कधी कधी भयंकर राग यायचा. घरी दुधाचा हिशेब कधी ठेवला नाही या माणसानं, आणि इथं मात्र एवढी सचोटी.

गेल्या रविवारी तिचा बांध फुटला होता. "मले आता होत नाही, बाबा," ती ओट्याकडे तोंड करून म्हणाली. "खरंच होत नाही."

धर्मपालांनी हातातलं मॅलेट भिंतीला टेकवलं. मग म्हणाले, "शनिवारी पराग साहेबासंगं या सालची शेवटची मॅच हाये. जिंकलो तं अजून सालभर नेजो. हारलो तं मॅलेट माळ्यावर."

"चालते," ती म्हणाली. इतक्या चटकन म्हणाली, की तिची तिलाच लाज वाटली.

तो शनिवार आज होता. पराग हा चौबे कॉलनीत राहणारा रेल्वेतला तरुण अधिकारी. मराठी सगळी समजायची, तोंड उघडलं की हिंदी. त्याचा हात स्थिर, नजर पक्की. बाबा चार-पाच कमानींतच गार होतील, असा रुचिताचा अंदाज होता. पण म्हातारा हटेना. बारा कमानी झाल्या आणि गुण सहा-सहा. आता एकच कमान उरली.

"काका, आज तो आप छोड़ ही नहीं रहे," पराग टोपी सरकवत म्हणाला. त्याचा लाल चेंडू कमानीच्या अगदी तोंडाशी, किंचित कडेला होता. धर्मपालांचा निळा तिथून हातभर मागे, थोडा तिरपा. हे चुकलं की पुढचा ठोका परागचा, आणि तो काही चुकणारा नव्हता.

धर्मपालांनी पाय रोवले, मॅलेट मागे नेलं आणि थांबले. एकदा मान वळवून त्यांनी कडेला बसलेल्या लेकीकडे पाहिलं, पण तिचे डोळे मिटलेले होते. घरात देव मानत नव्हते, तरी ती कुणाकडे तरी मागत होती. चुकू दे. एवढं एक चुकू दे.

टक.

एकच. तीन वर्षं ती इथं बसत होती. दोनदा लागलं की आवाज कसा अडखळतो, ते तिला झोपेतही ओळखता आलं असतं. हा आवाज स्वच्छ होता. तिनं डोळे उघडले. निळा चेंडू कमानीपलीकडे गवतात थांबला होता. बाबा जिंकले होते. आणखी एक वर्ष, असं मनात येऊन तिला रडूच यायला लागलं.

तेवढ्यात धर्मपालांनी हात वर केला.

"दोन लागले," ते म्हणाले.

पराग चमकला. "नहीं काका, मुझे तो एक ही सुनाई दिया।"

रुचिता उठून उभी राहिली होती, आपण कधी उठलो ते तिला कळलं नाही. "बाबा, एकच होता. मी आयकला."

"हात माहा हाये," धर्मपाल शांतपणे म्हणाले. "दोन लागले."

या वेळी ते मिशीत हसले नाहीत. मारणाऱ्याचा शब्द, त्यापुढे बोलायची सोय नव्हती. परागनं बराच वेळ घेतला, मग लाल चेंडू कमानीतून ढकलला आणि वाकून त्यांच्या पाया पडला.

परतताना जयस्तंभ चौकात लाल दिवा लागला. धर्मपालांचा एक हात तिच्या खांद्यावर, दुसऱ्यात उभं धरलेलं मॅलेट.

"एकच होता, बाबा."

"हव."

"मंग काहून खोटं बोलले? आजवर कधी बोलले नाही."

ते म्हणाले, "मारायच्या आंधी म्या तुह्याकडं पाह्यलं. डोळे मिटून काहीतरी मागून राहिली होती तू."

तिनं मनगटानं डोळे पुसले.

"थकली तू, बाई," ते म्हणाले. "चाल, हिरवा झाला."

घरी आल्यावर त्यांनी स्वतःच स्टूल ओढून माळ्याखाली ठेवलं आणि मॅलेट तिच्या हातात दिलं. रुचिता स्टुलावर चढली. माळा हाताच्या अंतरावर होता, पण तिचा हात काही वर जाईना.