कागदावरचा मालक

हवालदार आला तेव्हा वायरमन शिडीवर होता. हॉस्पिटलच्या ओपीडीतली एक ट्यूब सकाळपासून डोळे मिचकावत होती आणि रांगेतले पेशंट तिच्यावरून कुरकुरत होते.

"हा नंबर तुमच्या स्कूटरचा ना?" हवालदाराने खालूनच विचारलं आणि एक चिठ्ठी वर धरली.

नंबर वाचायची गरजच नव्हती. त्या स्कूटरवर त्याने लग्नानंतरची पहिली कितीतरी वर्षं काढली होती.

"माझी होती. आता बहिणीच्या नवऱ्याकडे असते."

"कुणाकडे असते ते नंतर बघू. आरसी बुकात नाव तुमचं आहे. उतरा खाली."

खाली उतरल्यावर त्याला कळलं ते असं. काल संध्याकाळी बाजाराच्या कोपऱ्यावर त्या स्कूटरने एका बाईला उडवलं होतं. चालवणारा गाडी तिथेच टाकून पळाला. बाई बेकरीत कामाला होती. उजवा हात दोन ठिकाणी मोडला होता, आणि ती याच इमारतीत, वरच्या मजल्यावर, हाडांच्या वॉर्डात होती. स्कूटरचा विमा कधीच संपलेला होता.

"आणि गाडी चोरीला गेली म्हणाल, तर तशी तक्रार आमच्याकडे नाही," हवालदार म्हणाला. "उद्या जबाब द्यायला या. त्या दिवट्यालाही आणा, ज्याच्याकडे असते."

धाकट्या बहिणीचं लग्न झालं तेव्हा तिचा नवरा शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायला लागला होता. व्हॅन रात्री मालकाकडे ठेवावी लागायची, तिथून घरी यायला काही नव्हतं. वायरमनने आपली जुनी स्कूटर त्याला देऊन टाकली. घरातल्या घरात कसले व्यवहार! नाव तेवढं बदलून घ्या, आणि विमा भरत जा, एवढंच तो म्हणाला होता. "उद्याच जातो," असं मेहुण्याने तोंड भरून सांगितलं होतं. माणूस तसा सोन्यासारखा, कुणाच्याही मदतीला धावणारा. पण स्वतःचं कुठलंही काम त्याला आज सुचत नसे. नातेवाईक पाठीमागे त्याला उद्याभाऊच म्हणत, आणि ते त्यालाही माहीत होतं.

ड्यूटी संपल्यावर वायरमन थेट बहिणीकडे गेला. मेहुणा दारातच बसला होता. याचा चेहरा बघताच तो उठून उभा राहिला.

"स्कूटर कुठाय?"

मेहुण्याने बायकोकडे पाहिलं. बायको जमिनीकडे बघत राहिली.

"चोरीला गेली, दादा," तो म्हणाला. "मागच्या आठवड्यातच. व्हॅन ठेवतो तिथूनच. लॉक तर केव्हाचं गेलेलं होतं, कुठलीही चावी लागायची."

"मग तक्रार का नाही केली?"

"आधी कागद मागतील. विमा नाही म्हटल्यावर मलाच धरतील, वाटलं. म्हटलं, भंगार गाडी, नेणारा तरी किती दिवस चालवील? टाकून देईल कुठेतरी, मिळेल."

वायरमनने काय झालं ते सांगितलं तेव्हा मेहुण्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं. त्याच्या कोपराला पट्टी होती, वायरमनचं तिकडे लक्ष गेलं.

"हे काय?"

"जॅक निसटला. टायर बदलताना."

 ती पट्टी वायरमनच्या मनातून जाईना. गाडी पडली की कोपरच फुटतं, हे काय त्याला ठाऊक नव्हतं?

बहीण त्याला सोडायला कोपऱ्यापर्यंत आली. "दादा, एक ऐकशील? हवालदाराला बोललास ते घाईत बोललास, स्कूटर तू मध्यंतरी परत नेली होतीस आणि तुझ्याच दारातून गेली, असं म्हण. तुला आठवण राहिली नाही तक्रारीची. नाव तुझंच आहे, तू गेलास तर कुणी शंका घेणार नाही. तुझी नोकरी पक्की आहे. ह्यांचं नाव आलं तर शाळा व्हॅनवरून काढून टाकेल त्यांना."

"बेबी, खरंच चोरीला गेली ना गं?"

तिने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याला वाटलं, विचारलं नसतं तर बरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो टेस्टर खिशात घालून हाडांच्या वॉर्डात गेला. पंखा बघायला आलोय, असं नर्सला सांगितलं. बेकरीवाली बाई खिडकीजवळच्या कॉटवर होती. हात प्लास्टरमध्ये, गालावर खरचटलेलं. तिची मुलगी उशाशी बसून तिला चमच्याने पेज भरवत होती. तो पंख्याखाली उगाच उभा राहिला आणि मग त्याने विचारलंच.

"कोण होता हो तो? दिसला का तुम्हाला?"

"दिसला की. पोरगाच होता, मिसरूडही धड फुटलं नव्हतं. मला उचलायला वाकला होता बिचारा. लोक धावत आले तशी घाबरून पळाला."

वायरमनच्या छातीवरचा धोंडाच उतरला. मेहुण्याचे केस पिकले होते. आणि मग त्याला स्वतःचीच शरम वाटली. समोर बाईचा हात मोडून पडलाय, आणि आपण सुटल्याचा श्वास घेतोय.

"कणीक मळायला उजवा हातच लागतो," बाई म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, मूठ पूर्ण वळेल याची खात्री नाही."

तेव्हा त्याला राहवलं नाही. "ती स्कूटर माझ्या नावावर आहे, बाई."

मुलीच्या हातातला चमचा तसाच थांबला. "मग विमा का नव्हता?" ती म्हणाली. आवाज चढला तसे शेजारच्या कॉटवरचे लोक बघायला लागले. "पंखा बघायला आलात ना? की आई मेली की जगली ते बघायला?"

 बाईच म्हणाली, "जाऊ दे गं. लपून राहिला असता तर आपल्याला कळलं असतं का?" पण मुलीने तोंड फिरवलं ते फिरवलंच.

तिथून तो मेहुण्याकडे गेला. मेहुणा व्हॅन धूत होता.

"मी खोटं सांगणार नाही," वायरमन म्हणाला. "तुम्ही चालवत नव्हता, मला कळलंय. पण गाडी तुमच्याकडून गेली, ते तुम्ही स्वतः सांगायचं. मी बरोबर आहे."

"म्हणजे तुम्हाला वाटलं होतं, मीच चालवत होतो?"

"वाटलं होतं."

मेहुण्याने पाण्याचा नळ बंद केला. फडकं पिळून वाळत टाकलं. मग म्हणाला, "चला."

ठाण्याच्या आवारात ती स्कूटर भिंतीला टेकवून ठेवली होती, पुढचं चाक वाकडं झालेलं. मेहुण्याने तिच्याकडे न बघता सगळं सांगितलं. हवालदाराने अर्ध्याहून जास्त विश्वास ठेवला नाही. "चोरी झाली तर माणूस बोंब मारतो," तो म्हणाला. "गप्प बसणारा चोर तरी असतो, नाहीतर चोराचा सोबती." तरी बाईच्या जबाबाने मेहुणा त्यातून सुटला. विमा नसल्याचं तेवढं अंगावर राहिलं.

पोरगा शेवटपर्यंत सापडला नाही. पुढे कोर्टाने सांगितलं, कागदावरचा मालक आणि गाडी बाळगणारा, दोघांनी मिळून बाईची भरपाई द्यायची. वायरमनच्या पगारातून आता दर महिन्याला हप्ता जातो. त्याची बायको त्यावरून एक शब्दही बोलली नाही, फक्त घराला रंग द्यायचा विषय पुन्हा निघाला नाही. शाळेने मेहुण्याला व्हॅनवरून काढलं. आता तो एका गोदामाचा टेम्पो चालवतो, पहाटे जातो आणि पाठ धरून परत येतो. बाईची मूठ पूर्ण वळत नाही. बेकरीने तिला गल्ल्यावर बसवलं आहे.

बहिणीने त्याच्याशी बोलणं टाकलं. सहा-सात महिन्यांनी एका दुपारी तिचा फोन आला, तोही त्याच्या बायकोला. घरातलं मीटर ठिणग्या मारतंय, कुणाला तरी पाठवा.

तो स्वतःच गेला. मेहुणा कामावर होता. बहिणीने स्टूल आणून दिलं आणि बॅटरी धरून ती बाजूला उभी राहिली. तो जळकी वायर कापत होता, तेव्हा ती म्हणाली,

"एक शब्द खोटा बोलला असतास तर काय बिघडलं असतं तुझं?"

त्याने हात थांबवला. बाईचा हात तरी काही बरा झाला नसता, हे खरं होतं. हप्ता थोडा जास्त बसला असता, एवढंच. व्हॅन मात्र राहिली असती.

"माहीत नाही, बेबी," तो म्हणाला. "पण तिच्यासमोर उभा राहिलो होतो ना मी."

"आमच्यासमोरही राहिला होतास."

 त्याने नवी वायर जोडली, मुख्य बटण वर केलं, आणि घरात दिवा लागला. बहिणीने बॅटरी विझवली. थांब म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. तो पक्कड, टेस्टर, चिकटपट्टी एकेक करून पिशवीत भरत राहिला, लागतो त्याहून जास्त वेळ लावून.