सातव्या दिवसाचं पाणी

घाबरलात तुम्ही, बिशपसाहेब. गळ्यात चांदीचा क्रूस, दाराशी पहारेकरी, आणि घाबरलात कुणाला, तर सात दिवसांच्या पोरीला. तिच्या आंघोळीचं पाणी मंतरायला कुणी जायचं नाही, हा हुकूम तुमचाच.

त्या सकाळी बसादा अंगणात उकिडवा बसून पितळी घंगाळ लिंबाने घासत होता. ते कधीच लखलखीत झालं होतं, तरी घासत होता.

"घासा, घासा," त्याची बायको इस्तेर आतून म्हणाली. "अबूना येणार नाहीत, निदान आपलं तोंड तरी दिसेल त्यात."

अबूना बाखूम म्हणजे गावच्या चर्चचे म्हातारे धर्मगुरू. सातव्या दिवशी त्यांनी घरी यायचं, घंगाळाभोवती सात मेणबत्त्या लावून प्रार्थना म्हणायची, मग त्या पाण्यात बाळाला न्हाऊ घालायचं. प्रत्येक मेणबत्तीला एका संताचं नाव. जी सर्वांत शेवटी विझेल, तिचं नाव बाळाचं. नाईलकाठच्या आम्हा ख्रिस्त्यांच्या घरांत हे असंच चालत आलं आहे.

बसादाचा गुन्हा एवढाच, की औषधांचं दुकान सांभाळता सांभाळता त्याने एक लहानसं पुस्तक लिहिलं. वाळूत सापडलेल्या जुन्या कागदांवरचे जादूगारांचे मंत्र त्याने भाषांतरात वाचले होते. त्याला वाटलं, आपले पहिले ख्रिस्ती आणि हे जादूगार एकाच घरात वाढले असावेत. तोच दिवा, तेच पाण्याचं भांडं, आंधळ्याच्या डोळ्यांना लावायची तीच थुंकी आणि माती. जादूगार सात स्वर आळवत, नुसते स्वर, शब्द नाहीत. आपलेही आळवत असणार. पुरावा नाही, हेही त्यानेच लिहिलं होतं.

तुमचं उत्तर आलं. रविवारी भर चर्चमध्ये 'मी खोटं लिहिलं' असं म्हणायचं. तोवर त्या घरात धर्मगुरू पाऊल टाकणार नाही.

बसादाची मुलगी दमियाना आपल्या बाळाला घेऊन दारात आली. तिची सासू आत ताठ बसली होती. प्रार्थना झाल्याशिवाय नातीला घरात घेणार नाही, हे तिने आल्याआल्या सांगून टाकलं होतं.

"बाबा, म्हणून टाका ना," दमियाना हळूच म्हणाली. "तुमचं खरं असेलही. पण म्हणून टाका."

बसादाने घंगाळ उपडं ठेवलं. हात पुसले, आणि पुसतच राहिला.

"म्हणतो," तो म्हणाला.

तेवढ्यात दार वाजलं. दारात अबूना बाखूम उभे होते. काळा झगा धुळीने पांढरा झालेला, छाती भात्यासारखी हलत होती.

"रिक्षावाला म्हणाला, त्या घरापाशी थांबत नाही. तुझी कीर्ती त्याच्यापर्यंतही पोचलीय, बसादा. चालत आलो. पाणी तापलं का?"

"अबूना, मी रविवारी म्हणणार आहे, मी..."

"रविवारचं रविवारी. पोरगी आज सात दिवसांची झाली."

मेणबत्त्या लागल्या. प्रार्थना झाली. अबूनांनी पोथी मिटली. मग ते घंगाळावर वाकले आणि एकेका ज्योतीपाशी एकेक आवाज काढू लागले. आ. ए. ई. लांबवलेले, घशातून येणारे, शब्द नसलेले. सातवा संपला तेव्हा दृष्ट लागू नये म्हणून उधळायच्या मिठाची वाटी बसादाच्या हातात कलली होती आणि मीठ त्याच्याच पायांवर सांडत होतं.

"हे पोथीत नाही," तो कसाबसा म्हणाला.

"तुझ्या पुस्तकात आहे की." अबूना टेकून बसले. "माझे वडीलही अबूना होते, त्यांनी शिकवलं. हे काय आहे, असं विचारलं तर म्हणाले, गुमान म्हण. जन्मभर धास्तावलो होतो रे, आपण चोरून जादूटोणा करतोय म्हणून. तुझं पुस्तक वाचलं. दोघांचं घर एकच, म्हणतोस. त्या रात्री घोरलो म्हणे. बायको कुरकुरत होती."

बसादा खाली बसला. मीठ गोळा करायला लागला, आणि मग सोडून दिलं.

"हे लिहू का?" त्याने विचारलं.

"मग? पुरावा हवा होता ना तुला? आणि रविवारी गप्प बस. बोलायचं झालं तर मी बोलेन."

न्हाऊ घालून झाल्यावर सासूने रीतीप्रमाणे नातीला चाळणीत ठेवलं आणि पितळी खल तिच्या कानाशी ठणाठणा बडवला.

"आईचं ऐक गं! बापाचं ऐकू नको! आणि या आजोबाचं तर मुळीच नको!"

बाळ सोडून सगळे हसले. इस्तेरला हसताना ठसका लागला. शेवटची ज्योत संत वेरीनाची राहिली. दुपारी वेरीना बापाकडच्या आजीच्या मांडीवर निजून आपल्या घरी गेली.

आता तुमचं. तुम्हीही कधीतरी सात दिवसांचे होता. तुमच्या घंगाळावर कोण वाकलं होतं, आणि त्याच्या तोंडून काय निघालं होतं? आईला विचारा, आणि सांगा.