राहत असल्याचा पुरावा

परदेशात राहायचं तर आपण तिथे राहतो हे सिद्ध करावं लागतं. माझं दोन वर्षांपूर्वीच सिद्ध झालं होतं. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसावर कोणी फारशी शंका घेत नाही. प्रश्न बायकोचा होता. ती तीन महिन्यांपूर्वी आली होती आणि तिचा तात्पुरता परवाना बारा दिवसांत संपणार होता. रहिवासी कार्ड मिळालं, तर पडद्यांच्या कारखान्यातली शिलाईची नोकरी पक्की. नाही मिळालं, तर परतीचं विमान. सगळे कागद झाले होते. आता तपासनीस घरी येऊन बघणार होता, की बाई खरंच इथे राहतात, का पत्ता नुसता अर्जावरच आहे.

तसं पत्र आलं आणि बायकोने पदर खोचला. जीन्सला पदर नसतो, पण खोचल्याचा भास झाला.

"सरकारी माणसाला तुमचे मोजे दिसणार?"

"दिसले तर काय बिघडलं?"

"तुमच्याकडे कशानेच काही बिघडत नाही हो. वळणच नाही."

दोन दिवस आम्ही घर घासलं. पसारा कपाटात गेला. मग कपाटं कोंबलेली दिसायला लागली, म्हणून कपडे, चपला, औषधं, इस्त्री, असा सगळा संसार चार पिशव्यांत भरून मी खाली गाडीच्या डिकीत नेऊन ठेवला. वास नको म्हणून फ्रिज रिकामा केला. टूथब्रश उघड्यावर बरे दिसत नाहीत, म्हणून तेही पिशवीत गेले.

बरोबर दहाला तपासनीस आला. पन्नाशीचा, सडपातळ, हातात फॉर्म लावलेलं पॅड. तो चकाचक बैठकीत उभा राहिला आणि त्याचा चेहरा पडला.

"बाईंचे कपडे कुठे आहेत?"

मी कपाट उघडलं. आत सहा हँगर एकमेकांकडे बघत लटकले होते. त्याने काहीतरी लिहिलं. फ्रिज उघडला, पुन्हा लिहिलं. बाथरूममध्ये मात्र तो बराच वेळ थांबला.

"तुम्ही दात कशाने घासता?"

"ब्रशने. ते गाडीत आहेत."

"गाडीत?"

"डिकीत. सगळंच सामान डिकीत आहे."

त्याने 'गाडीत' हा शब्द ठळक लिहून खाली रेघ मारली. बायकोला तिथली भाषा अजून नीट येत नव्हती, पण रेघ कळली.

"काय सांगितलंत त्याला?"

"खरं तेच."

"कोणी सांगितलं होतं खरं बोलायला? इतर वेळी बोलता का?"

"ब्रश कोणी भरले पिशवीत? मी?"

"मी भरले, पण डिकीत कोणी टाकले? जरा डोकं वापराल तर शपथ! एक पिशवी तरी वर राहू द्यायची!"

"तूच म्हणालीस, घर हॉटेलसारखं दिसलं पाहिजे."

"हॉटेलातसुद्धा ब्रश असतो हो!"

मग ती पुन्हा आमच्या घरच्या वळणावर आली, तिथून माझ्या आत्याच्या लग्नावर गेली आणि मी तिच्या भावाच्या स्कूटरवर. तपासनीस आधी दाराकडे सरकला होता. आता तो खुर्ची ओढून बसला. त्याला एक शब्द कळत नव्हता, पण मान कधी हिच्याकडे, कधी माझ्याकडे, अगदी वेळेवर वळत होती.

"लग्नाला किती वर्षं झाली?" मी श्वास घेतला तेव्हा त्याने विचारलं.

"एकोणीस."

"वाटलंच. माझी सव्वीस." त्याने ठळक शब्दावर काट मारली. "सामान कुणीही आणून मांडतं. हे असं मांडता येत नाही."

त्याने फॉर्मच्या तीन प्रती गुडघ्यावर घेतल्या आणि पहिलीवर सही केली. मी ओशाळून गप्प झालो.

"अहो, थांबलात काय?" बायको पहिल्यासारखेच डोळे वटारून म्हणाली. "अजून एकाच प्रतीवर सही झालीय. बोला काहीतरी माझ्या माहेरावर!"